रतनवाडीहून रतनगड : सप्टेंबरअखेरीस तीन पिढ्या सोबत, वाट कशी ठरवावी?

सायसाखर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भंडारदऱ्याला जायचं ठरतंय. धरणाजवळ शेंडीला न राहता तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, रतनवाडीत दोन रात्री मुक्काम करायचा आणि मधल्या दिवशी रतनगड, असा बेत आहे. पुण्याहून आमच्याच गाडीने येणार.

आम्ही सहा जण आहोत. मी आणि नवरा, मुलगा चौदाचा, मुलगी दहाची, सासरे सदुसष्टचे आणि सासूबाई. सासरे रोज सकाळी पर्वती चढतात, दम उत्तम आहे, पण लोखंडी शिडी कधी चढलेले नाहीत. मुलीचं राजमाची आणि तिकोना झालंय. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या गावातच थांबणार.

विचारायचं आहे ते असं. शिड्या नेमक्या किती अवघड आहेत? सप्टेंबरअखेर पाऊस कितपत असतो? शिड्यांनी चढून दुसऱ्या बाजूने उतरता येतं असं वाचलंय, ते आमच्यासारख्यांना जमेल का? आणि सासूबाईंचा दिवस गावात चांगला जाईल असं तिथे काय आहे? सगळ्यांना डोंगर आवडावा आणि परत यावंसं वाटावं, एवढीच इच्छा आहे. कुणाला धाप लावून, घाबरवून माथा गाठायचा नाहीये.

---

घाटवाट

रतनवाडीत राहण्याचा निर्णय फार चांगला. शेंडीहून पहाटे निघालात तर तळ्याला वळसा घालून गावात पोचेपर्यंतच उन्हं वर येतात. गावात मुक्काम असला की साडेसहाला चालायला लागता येतं, आणि लहान-मोठे सोबत असताना तो एक-दीड तास फार मोलाचा.

वाट सांगतो. अमृतेश्वराच्या देवळापासून निघालं की सुरुवातीला चढ जवळपास नाहीच. प्रवरेचं पात्र आहे, उगमाजवळची लहानशी नदी. वाट ती पुन्हा पुन्हा ओलांडते, कधी या काठाने, कधी त्या. नंतर झाडीत शिरते आणि चढ सुरू होतो. हे जंगल दाट आहे, दुपारीसुद्धा सावली असते. चढताना एके ठिकाणी वाट फुटते. सरळ जाणारी कात्राबाईच्या खिंडीतून पुढे कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगडाकडे जाते, उजवीकडे चढणारी रतनगडाची. खुणा असतात, पण धुक्यात चुकणारे इथेच चुकतात. इथे थांबून मागच्या माणसाची वाट बघायची आणि सगळे जमले की मगच पुढे निघायचं, असा नियम करून टाका.

झाडी संपते तिथे कडा समोर येतो आणि शिड्या लागतात. लोखंडी आहेत, बाजूला धरायला आधार आहे. उंचीची भीती नसेल तर चढताना त्रास होत नाही. अडचण येते ती उतरताना, कारण पहिली पायरी दिसत नाही. म्हणून उतरतानाही तोंड शिडीकडेच ठेवायचं. एका वेळी एकच माणूस. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम टेकलेले हवेत. काठी, मोबाईल, पाण्याची बाटली, काहीही हातात नको, सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. मुलीच्या खाली नवरा आणि वर तुम्ही असा क्रम ठेवा.

शिड्यांनंतर कातळातल्या पायऱ्या, मग गणेश दरवाजा. तिथून एका अंगाला रत्नादेवीची गुहा आणि मुक्कामाची मोठी गुहा, दुसऱ्या अंगाने वर गेलं की हनुमान दरवाजा आणि गडाचा माथा. गाव ते माथा तीन ते साडेतीन तास धरा. सासऱ्यांचा वेग तुमचा वेग असू दे.

आणि एक मनापासून सांगतो. शिड्यांच्या पायथ्यापर्यंतची चालच इतकी सुंदर आहे की कुणी तिथूनच माघारी वळलं तरी दिवस वाया गेला असं वाटू नये.

---

प्रवराकाठ

मी अकोले तालुक्यातलाच. पावसाचं सांगतो.

आमच्याकडं घाटघर, रतनवाडी, पांजरे हा सगळा पट्टा घाटमाथ्याला चिकटून आहे. कोकणातून वर चढणारा ढग पहिल्यांदा इथंच रिकामा होतो. पावसाळ्यात पेपरला रोज घाटघर, रतनवाडीचा पाऊस किती मिलिमीटर ते छापून येतं, कारण त्यावरच भंडारदरा कधी भरणार ते ठरतं. धरण भरतं साधारण अकरा टीएमसीला, म्हणजे अकरा अब्ज घनफुटांना. तळ्यातलं हे पाणी मग प्रवरेनं खाली निळवंडे धरणात जातं.

जुलै-ऑगस्टात घरच्या माणसांना घेऊन गडावर जाऊ नका असंच मी म्हणेन. ओढे एका तासात चढतात, आणि तुमची वाट तर नदीच्या पात्रातूनच आहे. सप्टेंबरअखेर ती भीती बरीच कमी होते, पण वेगळी एक असते. सकाळ स्वच्छ, कोवळं ऊन, आणि दुपारी दोन-तीनच्या पुढं ढग बांधून येतात, विजा होतात. परतीचा पाऊस असाच असतो. गडाचा माथा उघडा आहे. म्हणून दुपारी बाराच्या आत माथ्यावरचं सगळं पाहून परतीला लागायचं. एक वाजता शिड्यांच्या खाली झाडीत असलात म्हणजे निर्धास्त.

त्या दिवसांत गडावर सोनकी पिवळी धमक फुललेली असते, खाली तेरडा गुलाबी. शेतात भात निसवलेलं. तळं काठोकाठ. या दिवसांसारखे दिवस वर्षात दुसरे नाहीत.

शनिवार-रविवार टाळा. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. सुट्टीच्या दिवशी शिड्यांखाली रांग लागते, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वेळी खोळंबतात आणि मागचे घाई करतात. म्हाताऱ्या माणसाला, लेकराला शिडीवर घाई कुणी करता कामा नये.

---

सह्यकडा

शिड्यांनी चढून त्याच वाटेनं उतरणं म्हणजे अर्धा रतनगड. माझं मत सरळ आहे: नेढं, म्हणजे माथ्यावरच्या कातळातलं आरपार भोक, बघा आणि दुसऱ्या बाजूच्या त्र्यंबक दरवाजाने उतरा. कातळात कोरलेला तो दरवाजा आणि खालच्या पायऱ्या पाहिल्याशिवाय हा गड कळत नाही. उतरल्यावर गडाशेजारच्या खुटा सुळक्याच्या पायथ्याने आडवं जाता येतं आणि तिथून साम्रद गाठता येतं. साम्रदला गाडी बोलावून ठेवली की झालं. चौदा वर्षांच्या मुलाला तर ही वाट आयुष्यभर लक्षात राहील. दुसऱ्या दिवशी साम्रदची सांदण दरीही बघता येईल.

---

घाटवाट

सह्यकडा, वाट सुंदर आहे यात शंकाच नाही, पण या मंडळींसाठी आणि या महिन्यात माझा स्पष्ट नकार आहे.

त्र्यंबक दरवाजाखालच्या पायऱ्या जागोजागी तुटलेल्या आहेत आणि एका बाजूला खोली आहे. शिडीला आधार असतो, इथे हाताला कातळ किंवा गवत. सप्टेंबरात ते गवत कमरेएवढं आणि ओलं असतं, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. पुढच्या आडव्या वाटेवर कारवीची झुडपं माजलेली असतात आणि वाट झाकली जाते. शिवाय हा उतार दमलेल्या पायांनी, दिवसाच्या शेवटी करावा लागतो. दहा वर्षांची मुलगी आणि पहिल्यांदा गडावर आलेले आजोबा यांना तिथे अडकल्यासारखं वाटलं, तर पुन्हा वर चढून शिड्यांकडे येणं हा एकच मार्ग उरतो.

सांदणचंही तेच. ती कातळातली अरुंद घळ आहे. पावसाचं पाणी त्यातूनच खाली कोकणाकडे उतरतं. पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय, म्हणजे डिसेंबरच्या आसपासपर्यंत, त्यात उतरण्याचा विचार करू नये. वर ढगफुटीसारखी सर आली तर आत पळायला जागा नाही. साम्रदला जाऊन दरीचं तोंड बघून यायला हरकत नाही.

---

सह्यकडा

सांदणबद्दल पूर्ण सहमत, मी दरीच्या तोंडापर्यंतच म्हणत होतो. त्र्यंबकबद्दल मात्र एक मधला मार्ग सुचवतो. माथ्यावर गेल्यावर त्र्यंबक दरवाजापर्यंत जा, दरवाजा आतून बघा, चारदोन पायऱ्या जिथवर धड आहेत तिथवर डोकावा आणि परत फिरा. उतरायचं शिड्यांनीच. गडाला फेरीही होते आणि धोकाही राहत नाही.

---

घाटवाट

हे पटलं. नेढ्याच्या अलीकडे शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा आहे, छोटाच, पण मुलीला हात द्यावा लागेल. नेढ्यात वारा भयंकर असतो. टोप्या, कॅप काढून ठेवा आणि मुलांना कडेपासून आत बसवा. वीसेक माणसं आरामात बसतील एवढी जागा आहे.

---

अमृतवेल

सायसाखर, सासूबाईंबद्दल मी लिहिते, कारण माझी आईही अशीच गावात थांबते आणि रतनवाडीत थांबायला तिला कधी कंटाळा आला नाही.

अमृतेश्वराच्या देवळालाच अर्धा दिवस द्या. शिलाहार राजा झंझ याने गोदावरी-भीमेच्या खोऱ्यात नद्यांच्या उगमांपाशी शिवालयं बांधली, त्यातलं हे प्रवरेच्या उगमाजवळचं, असं सांगतात. शिखर भूमिज घडणीचं आहे, म्हणजे मुख्य शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या रांगा खालून वर चढत गेलेल्या. सिन्नरचं गोंदेश्वर पाहिलं असेल तर जातकुळी लगेच ओळखू येईल. खांबांवरचं कोरीवकाम जवळून, निवांत बसून बघण्यासारखं आहे. आत उजेड कमी असतो, लहान विजेरी न्या. चांगला पाऊस झालेला असेल तर गाभाऱ्यात पाणी भरलेलं असतं आणि पिंड पाण्याखाली असते.

देवळापासून दोन पावलांवर पुष्करणी आहे. चौरस, दगडी, चारी बाजूंनी कोनाडे आणि कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी खाली उतरू नये, पायऱ्या उंच आणि शेवाळलेल्या असतात. काठावरून सगळं छान दिसतं. शंकराच्या देवळाशेजारी विष्णूंच्या मूर्तींचं हे तीर्थ का, यावर माझी आई आणि गावातल्या आजी तासन् तास बोलल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून तळ्याच्या काठच्या रस्त्याने गाडीतून चक्कर मारा. कोलटेंभ्याकडून रतनवाडीला येणाऱ्या रस्त्यावर धबधबे अगदी रस्त्याला लागून आहेत, सासूबाईंना गाडीतून उतरण्याचीही गरज पडणार नाही. घाटघरचा कोकणकडाही गाडीने पोचण्यासारखा आहे. ढग हटले तर खाली कोकण उघडं पडतं.

---

सायसाखर

किती नेमकं लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून आभार. सासूबाईंना अमृतवेल यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांना गोंदेश्वर माहीत आहे, त्यामुळे आता देवळासाठी त्याच सगळ्यांत उत्सुक आहेत.

आणखी थोडं विचारते. वाटाड्या घ्यावा का? प्यायचं पाणी किती न्यायचं? बूट कुठले? आणि गावात जेवणाची सोय काय?

---

प्रवराकाठ

वाटाड्या घ्याच. वाट सापडणार नाही म्हणून नव्हे. गावातल्या पोरांना ओढ्याला पाणी किती आहे, कुठला दगड निसरडा आहे, ढग कुठल्या बाजूनं आला की परतायचं, हे सगळं ठाऊक असतं. हे जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. १९८६ साली अभयारण्य झालं तेव्हापासून इथल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांच्या जंगल वापरावर पुष्कळ बंधनं आली. डोंगर बघायला येणाऱ्या माणसानं गावाला रोजगार द्यावा, ही माझ्या मते साधी न्यायाची गोष्ट आहे. मजुरी आधी ठरवा, घासाघीस करू नका. तुम्ही सहापैकी पाच चढणार आहात, तर दोन जण घ्या. सासऱ्यांना शिड्यांपाशी थांबावंसं वाटलं तर एक जण त्यांच्याजवळ राहील. मग कुणालाच कुणासाठी ओढूनताणून चढायला नको.

पाणी प्रत्येकी तीन लिटर. गडावर टाकी आहेत, पण चढताना त्यांच्या भरवशावर राहू नका.

जेवण घराघरांत मिळतं. आदल्या दिवशी सांगायचं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. आमच्याकडच्या जुन्या भातांपैकी काळभात कुठं शिजणार असेल तर जरूर मागून खा, वास घरभर सुटतो. आणि सोबत आणलेली पाकिटं, बाटल्या परत न्या. रतनवाडीतून उचलून टाकायला दुसरी जागा नाही, सगळं नदीनं तळ्यातच जातं, आणि त्या तळ्याचं पाणी खाली लाखो माणसं पितात.

गाडीचं म्हणाल तर पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असा रस्ता सोपा पडेल. शेंडीच्या पुढं तळ्याच्या कडेनं अंधारात पहिल्यांदाच गाडी चालवायची नाही, धुकं उतरतं. चारच्या आत शेंडी सोडा. रेंजचा भरवसा धरू नका, घरी काय कळवायचं ते शेंडीहून कळवा.

---

घाटवाट

बुटांचं : नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. तळ खोल खाचांचा, रबर मऊ, ओल्या कातळावर धरणारं. चालण्याचे शहरी बूट शेवाळावर घसरतात. नदी ओलांडताना बूट काढायचे नाहीत, भिजू द्यायचे. अनवाणी पाय गोट्यांवर सटकतो. कोरडे मोजे सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

सासऱ्यांना दोन काठ्या द्या, उतारावर गुडघ्यांचा भार निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. शिड्यांपाशी काठ्या सॅकला बांधायच्या.

---

गडमित्र

माथ्यावरून काय दिसतं ते अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. १२९७ मीटर उंची आहे आणि जागा अशी की सह्याद्रीतल्या सगळ्या मोठ्या मंडळींच्या मधोमध तुम्ही उभे असता. नेढ्यातून उत्तरेकडे बघा: अलंग, मदन, कुलंग हे तीन कातळ ओळीने, त्यांच्या उजवीकडे कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच. त्यांच्या पायाशी तळं. दक्षिणेकडे कात्राबाईचा डोंगर आणि त्यामागे हरिश्चंद्रगड. नैऋत्येला आजोबाचा डोंगर, आणि साम्रदच्या अंगाला खाली पाहिलं तर बाण सुळका. शेजारी अगदी हाताशी खुटा.

मुलांना तळ्याकडे बोट दाखवून हेही सांगा. हे पाणी नैसर्गिक सरोवर नाही. १९१० साली धरणाचं काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. प्रवरेवरचं हे विल्सन धरण. म्हणजे गडाचे दरवाजे बांधणाऱ्यांनी, गडावर पहारे देणाऱ्यांनी वरून पाहिलं ते खोरं वेगळं होतं, तिथे नदी होती, काठाला शेतं होती. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातले, देवगावचे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. ही सगळी डोंगररांग, या खिंडी आणि घाटवाटा त्यांच्या माणसांना पाठ होत्या. नेढ्यात बसून हे ऐकलं की चौदा वर्षांच्या मुलाला खिंड म्हणजे काय आणि ती ताब्यात असणं म्हणजे काय, ते पुस्तकाशिवाय कळतं.

---

मेलबर्नकर

धागा वाचून राहवलं नाही. आम्ही डिसेंबरात घरी येतोय, नाशिकला. तेव्हा गेलं तर हे सगळं बघायला मिळेल का, की सप्टेंबरच हवा?

---

प्रवराकाठ

डिसेंबरात जरूर या. फुलं नसतील, धबधबे आटलेले असतील, पण हवा इतकी स्वच्छ असते की नेढ्यातून लांबलांबचे डोंगर मोजता येतात. नदी ओलांडायला सोपी, कातळ कोरडा. रात्री मात्र कडाक्याची थंडी पडते, स्वेटर-कानटोपी हवीच. सह्यकडा म्हणतात ती त्र्यंबक दरवाजाची उतरण, वाटाड्या घेऊन, तेव्हाच करावी. तुम्हाला नाशिकहून घोटी, बारी, शेंडी असा रस्ता जवळ.

आणि कधी मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आलात तर गडाचं राहू द्या, संध्याकाळनंतर काजवे बघा. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं अंधारात लखलखतात. फक्त गाडीचे दिवे आणि मोबाईलची विजेरी बंद ठेवा, झाडाखाली शिरू नका. मादी जमिनीलगत असते, पायाखाली मरते.

---

सायसाखर

आमचं ठरलं ते लिहिते, कुणाला काही खटकलं तर सांगा.

सोमवारी पहाटे पुण्याहून निघून चारच्या आत शेंडी सोडायची, मुक्काम रतनवाडीत. मंगळवारी साडेसहाला दोन वाटाड्यांसोबत पाच जण निघणार. शिड्यांच्या पायथ्याशी थांबून खाऊन घ्यायचं आणि तिथे सासरे आणि मुलगी स्वतः ठरवतील. ज्यांना चढायचं नाही ते तिथूनच एका वाटाड्याबरोबर सावकाश खाली येतील, त्यांना कुणी आग्रह करणार नाही. वर गेलेले नेढं, त्र्यंबक दरवाजा बघून बाराला परत फिरणार, कुठेही असलो तरी. सासूबाई देवळात. बुधवारी सगळे मिळून घाटघर आणि साम्रद, मग परत.

सासरे म्हणाले, शिडी चढेन की नाही ते शिडी बघून सांगेन, पण जंगल मला पूर्ण बघायचंय. मुलीने शेजारच्या मैदानातल्या शिडीवर तोंड आत ठेवून उतरायचा सराव सुरू केलाय.

---

घाटवाट

बेत उत्तम. एकच बदल सुचवतो. सासरे आणि मुलीचा निर्णय एकत्र घेऊ नका. आजोबा थांबले म्हणून नात थांबली, किंवा नात चढली म्हणून आजोबा चढले, असं होतं. दोघांना वेगवेगळं विचारा.

---

प्रवराकाठ

बाराची वेळ पाळा, तेवढी एक गोष्ट पाळलीत तरी बाकी सगळं निभतं. निघायच्या आदल्या दिवशी जिथं उतरणार त्या घरी फोन करून नदीला पाणी किती आहे ते विचारा. रविवारी मोठा पाऊस झाला असेल तर मंगळवार सोडून बुधवारी चढा, मंगळवारी घाटघर करून टाका. दोन रात्रींच्या तीन करता आल्या तर आणखी बरं.

---

सायसाखर

तिसऱ्या रात्रीचं घरी विचारलं. सासूबाईंनी सगळ्यांत आधी होकार दिला. गुरुवारी परत येऊ.